‘बरोबर’ या शब्दाचा घोटाळा

मराठीत ‘बरोबर’ हा मोठा दगाबाज शब्द आहे. ‘तुझ्याबरोबर येतो’ या वाक्यात त्याचा अर्थ सोबत. ‘उत्तर बरोबर आहे’ म्हटले म्हणजे अचूक. आणि ‘दोघे बरोबरीचे आहेत’ म्हटले म्हणजे समान. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ छातीला छाती भिडवून, म्हणजे एका रांगेत, असा आहे. ज्या बीड जिल्ह्यात बसून आम्ही हे लिहीत आहो, तो १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा असल्या शब्दांचे येथे कोणास नवल नाही. परंतु एकाच शब्दाच्या पोटात तीन अर्थ नांदू लागले म्हणजे माणसे त्यांतला एक बोलतात, दुसरा समजतात आणि तिसऱ्याचा आग्रह धरतात. या घोटाळ्याने आजवर कितीक संसारांत कटकटी झाल्या असतील. त्या सर्वांचा परामर्श घेण्याचा आमचा विचार नाही. नवराबायकोने बरोबर सायकलीवरून फिरावयास जाणे, एवढ्या एकाच विषयापुरती आम्ही आज लेखणी उचलली आहे.

विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा. २०२० च्या टाळेबंदीनंतर आमच्या गावी, इतर गावांप्रमाणेच, अडगळीत पडलेल्या सायकली बाहेर निघाल्या, काही नव्या आल्या, आणि डॉक्टर, प्राध्यापक, वकील, बँकेतील अधिकारी अशा मंडळींनी पहाटेचे रस्ते धरले. प्रथम पुरुष एकटे जात. पुढे पुष्कळांनी आपल्या गृहिणींसही बरोबर घेतले. आणि पाहता पाहता, निदान आमच्या परिचयाच्या घरांतून तरी, त्या गृहिणींपैकी बहुतेक जणी रस्त्यावरून नाहीशा झाल्या. विचारावे तर नवरा सांगतो, “तिला मुळात आवडच नाही हो!” हे वाक्य आम्ही इतक्या ठिकाणी, इतक्या एकाच स्वरात ऐकले आहे की, ते खोटे आहे अशी आमची खात्री होऊन चुकली आहे. आवड होती. ती मारली गेली. आणि ज्याने मारली तोच आता साक्षीदार म्हणून पुढे उभा आहे.

ती कशी मारली जाते हे एका उदाहरणाने दाखवितो. बीडहून दक्षिणेस मांजरसुंब्याकडे जाणारा रस्ता घ्या. सोलापूर–धुळे महामार्गाचाच तो भाग. गाव मागे पडले की रस्ता बिंदुसरेच्या खोऱ्यातून हळूहळू चढत जातो, पालीजवळ धरण लागते, आणि पुढे बालाघाटच्या डोंगरात घाट सुरू होतो. अंतर सुमारे वीस किलोमीटर. नवरा ताशी वीसच्या सरासरीने गेला तर तासाभरात वर पोहोचतो. पत्नी ताशी पंधराने गेली तर तिला एक तास वीस मिनिटे लागतात. म्हणजे नवरा घाटमाथ्यावर वीस मिनिटे बसला. त्याने चहा घेतला, पाठ मोकळी केली, डोंगराचे छायाचित्र काढून चार मित्रांस धाडले. वीस मिनिटांनी पत्नी धापा टाकीत वर येते. तिचा एक पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच हा उठून उभा राहतो आणि म्हणतो, “चल, निघू या, ऊन होईल.”

आमचे सारे भांडण या ‘चल, निघू या’शी आहे. ज्याला विश्रांतीची गरज कमी त्याला वीस मिनिटे, आणि जिला ती अधिक तिला एकही नाही. असे चार थांबे झाले की नवऱ्याने ऐंशी मिनिटे विश्रांती घेतलेली असते व पत्नी पहाटेपासून अखंड पाय मारीत असते. घरी परतल्यावर ती गळून जाते, तो ताजातवाना असतो, आणि त्यावरून तिच्या अंगी दम नाही असा सिद्धांत बांधला जातो. हा अन्याय कोणी बुद्ध्या करीत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. उलट प्रत्येक थांब्यावर आपण किती समजूतदारपणा दाखविला असेच त्यास वाटत असते. ‘तुझ्यासाठी थांबलो होतो’ या तीन शब्दांत उपकाराचा जो सूर आहे तो त्याच्या कानी पडत नाही. तिच्या मात्र पडतो.

हे आम्ही तिऱ्हाइताच्या भूमिकेवरून सांगत नाही. मागल्या मार्गशीर्षात एका रविवारी आम्ही सौ.सह याच घाटाने निघालो आणि नेहमीच्या सवयीने पुढे गेलो. वर पोहोचून घड्याळ पाहिले. वेळ मागल्या खेपेपेक्षा दोन मिनिटांनी कमी लागला होता, त्या आनंदात एक चहा झाला, मग दुसरा झाला. वीस मिनिटे गेली, तीस गेली, पन्नास गेली. शेवटी चढावरून ती पायी येताना दिसली, सायकल ढकलीत. घाटाच्या पायथ्याशीच मागल्या चाकात काटा गेला होता. उसाचा हंगाम, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंगावरून जात होते, आणि त्यांच्या कडेने ती तेवढा चढ चालून आली होती. जवळ आल्यावर ती एवढेच म्हणाली, “अहो, पंप तुमच्या पिशवीत होता.”

होता खरा. पंप, पंक्चरचे तुकडे, सोल्यूशन, पाने, सगळेच आमच्या पिशवीत, घाटमाथ्यावर, चहाच्या कपाशेजारी होते. त्या वाक्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती, आणि म्हणूनच ते अधिक लागले. त्यानंतर आम्ही या प्रश्नाचा जरा विचार केला. पुढे गेलेल्याची सायकल बिघडली तर मागून येणारा त्याच्यापाशी पोहोचणारच आहे. मागच्याची बिघडली तर पुढच्यास ते कळण्याचा मार्ग नाही. तेव्हा हत्यारांची पिशवी मागच्याजवळ असावी, हे लहान मुलासही सुचावे. पण आम्हांस चार वर्षांत सुचले नव्हते. कारण हत्यारे ही पुरुषाने बाळगावयाची वस्तू, अशी आमची विचार न करताच समजूत होती.

आता या विषयावर जे उपाय सुचविले जातात त्यांकडे वळू. एक पक्ष म्हणतो की, नवऱ्याने गती कमी करून पत्नीच्या शेजारी चालावे. हा पक्ष सज्जनांचा आहे, आणि काही दिवस आम्हीही त्यात होतो. परंतु दुसऱ्याच्या गतीने चढ चढणे हे वाटते तितके सोपे नाही. प्रत्येकाच्या पायांस आपापला ताल असतो. कोणी जड गिअरवर सावकाश पण जोराने पाय दाबतो, कोणी हलक्या गिअरवर भराभर फिरवितो, आणि फार मंद गतीत सायकल डगमगू लागते ते वेगळेच. शिवाय, महामार्गावर शेजारी शेजारी चालणे म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या चांगुलपणावर संसार सोपविणे होय. हे सर्व सोसूनही नवरा हळू चालतो म्हणा. पण तो हळू चालत असल्याचे त्याच्या पाठीवर, खांद्यांवर, दर दोन मिनिटांनी मागे वळणाऱ्या मानेवर लिहिलेले असते. जिच्यासाठी हा त्याग चालला आहे तिला तो वाचता येतो. मागे कोणी पाहत आहे या जाणिवेने ती आपल्या ताकदीबाहेर जोर करते, आणि पुढच्या चढावर तिचे पाय भरून येतात.

दुसरा पक्ष अधिक बोलका आहे. तो म्हणतो, तिने वेग वाढवावा. नवऱ्याने तिला तयार करावे. या पक्षाचे लोक फिरण्यास जात नाहीत, शिकवणीस जातात. “गिअर बदल.” “गुडघा आत घे.” “इतका ब्रेक कशाला?” “श्वास नाकाने घे.” येथे एक जुनी गोष्ट आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा तेथे सायकली विकीत आणि शिकवीतही. शिकविण्याचे पंधरा रुपये घेत. पैसे दिले, विद्या घेतली, व्यवहार संपला. नवरा फुकट शिकवितो आणि त्याची वसुली जन्मभर चालू राहते.

पण आमचा या पक्षावरील खरा आक्षेप निराळा आहे. ‘तिला तयार करावे’ असे म्हणणारा माणूस असे गृहीत धरतो की, ती कोरी पाटी आहे. मराठवाड्यातील खेड्यांत सकाळी दहाच्या सुमारास कोणीही उभे राहून पाहावे. निळ्या गणवेशातल्या मुलींच्या रांगाच्या रांगा सायकलींवरून शाळेस जाताना दिसतात. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींस सायकली मिळू लागल्या, तेव्हापासून हे दृश्य नित्याचे झाले आहे. पाठीवर दप्तर, मागे बसलेली धाकटी बहीण, खडीचा रस्ता, आणि तरी त्या मुली आपसांत बोलत, हसत, एकमेकींस मागे टाकीत जातात. त्यांच्या अगोदरच्या पिढीतल्याही कितीतरी जणी भावाच्या वा वडिलांच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून शिकल्या. मग लग्न होते. सायकल माहेरी भिंतीला टेकून राहते. दहा-पंधरा वर्षे स्वयंपाक, बाळंतपणे, मुलांच्या परीक्षा, सासूसासऱ्यांचे आजार. आणि या सर्व काळात नवऱ्यास मात्र क्रिकेट, पोहणे, पहाटेचे फिरणे यांस सवड मिळाली. त्यानंतर एका सकाळी दोघे घाटाच्या पायथ्याशी उभे राहतात, आणि वर पोहोचण्यास लागलेल्या वेळातील फरकास ‘दोघांची चालविण्याची पद्धत वेगळी’ असे गोंडस नाव मिळते. त्या फरकात पायांचा दोष किती आणि पंधरा वर्षांचा किती, हा हिशेब कोणी मांडीत नाही.

त्यात सायकल तरी कशी दिलेली असते? नवऱ्याने स्वतःसाठी नवी, हलकी, वीस-एकवीस गिअरांची घेतली म्हणजे त्याची जुनी पत्नीच्या वाट्यास येते. सीट खाली आणता येते. पण हँडल लांबच राहते, ब्रेकची मूठ बोटांस पुरत नाही, आणि सायकलीचे वजन कमी होत नाही. चढावर गतीचा निर्णय मुख्यतः एकाच गोष्टीवर होतो: पायांत जोर किती आणि सायकलीसकट वर न्यावयाचे वजन किती, यांचे प्रमाण. म्हणजे ज्याच्या पायांत अधिक जोर त्यास हलकी सायकल आणि जिच्या पायांत कमी तिला जड. जाणता शेतकरी असे करीत नाही. जोडीत एक बैल दुबळा असला तर तो जूचा मध्य सरकवून दुबळ्याकडील बाजू लांब ठेवतो, म्हणजे ओझे त्याच्यावर कमी येते. आमच्या पदवीधरांस जे सुचत नाही ते त्यास पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

सपाटीवरचा नियम आणखी वेगळा आहे, आणि तो फार थोड्या जोडप्यांस माहीत असतो. तेथे वीसच्या पुढे वेग गेला म्हणजे श्रमांचा मोठा भाग वारा कापण्यात खर्च होतो. वेग दुप्पट करावयाचा तर केवळ वाऱ्यासाठी आठपट शक्ती लागते. पुढच्याच्या मागल्या चाकाशी हातभर अंतर राखून चालणाऱ्याचे यांपैकी पुष्कळ श्रम, चौथा हिस्सा किंवा अधिकही, वाचतात. आषाढात पाटोद्याकडे तोंड करून निघावे. पश्चिमेचा वारा छातीवर येतो, तेव्हा हा आडोसा म्हणजे काय चीज आहे ते कळते. नवऱ्यास पत्नीकरिता खरोखर काही करावयाचे असेल तर ते हेच. परंतु त्यासाठी पुढच्याने एकसारख्या गतीने चालले पाहिजे, आणि येथेच पद्धतीतला भेद आड येतो. आमच्यासारखे पुरुष झटक्यांनी चालवितात. समोर दुसरा सायकलवाला दिसला की जोर, तो मागे पडला की ढिलाई, पाटी दिसली की पुन्हा जोर. मागच्याने त्या चाकाशी राहावे कसे? पुष्कळ स्त्रिया घड्याळाच्या लंबकाप्रमाणे एकसारखे पाय मारतात. लांबच्या पल्ल्यास तीच पद्धत शहाणपणाची आहे. तेव्हा कोणी कोणाकडून शिकावे हा प्रश्न या पक्षाचे लोक समजतात तितका उघड नाही. जाता जाता हेही नमूद करतो की, पत्नी पुढे व पती मागे अशी एक-दोन घरेही आम्हांस ठाऊक आहेत. तेथील यजमानांचे गुडघे सहलीच्या आदल्या रात्री दुखू लागतात.

राहिले यंत्रवादी. ते म्हणतात, दोघांची मिळून एकच जोडसायकल घ्या, म्हणजे अंतर पडावयाचेच नाही. खरे आहे, एका साखळीने दोघांचे पाय जखडले म्हणजे अंतर पडत नाही. पण तेथे दोघांचाही ताल एकच व्हावा लागतो, हँडल, गिअर व बहुधा ब्रेक पुढच्याच्या हाती असतात, आणि मागच्याच्या वाट्यास रस्त्याऐवजी एक पाठ येते. ज्यांस हे रुचते त्यांनी अवश्य करावे. बॅटरीच्या सायकलीविषयी आमची तक्रार नाही. दोनशे पन्नास वॅटपर्यंतच्या व ताशी पंचवीसच्या आत चालणाऱ्या अशा सायकलीस नोंदणीही लागत नाही, आणि चढावर ती फरक बराच भरून काढते. एवढेच की, ती तिला विचारून घ्यावी. न विचारता वाढदिवशी अंगणात आणून उभी केलेली बॅटरीची सायकल ही भेट नव्हे, अभिप्राय होय.

येथे कोणी विचारील की, निरनिराळ्या शक्तीच्या पतिपत्नींनी सायकलीवर मजल मारल्याचे काही उदाहरण आहे काय? आहे, आणि आपल्याच देशातले आहे. विल्यम व फॅनी वर्कमन या अमेरिकन दांपत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानची मैदाने सायकलींवरून पालथी घातली. चौदा हजार मैलांच्या त्या प्रवासाचे त्यांचे पुस्तक १९०४ साली निघाले. पती पत्नीपेक्षा बारा वर्षांनी वडील. पुढे हिमालयात व काराकोरमात मोहिमा काढताना त्यांनी एक पद्धत ठेविली होती: एका वर्षी मोहिमेची व्यवस्था एकाने पाहावयाची आणि छायाचित्रे व मोजमापे दुसऱ्याने, पुढल्या वर्षी कामांची अदलाबदल. येथील हमालांशी त्यांचे वर्तन आम्हांस मुळीच आवडणारे नाही. त्यांच्या लिखाणात त्या गरीब माणसांविषयी जो उद्दामपणा दिसतो त्याची तरफदारी कोणी करू नये. परंतु आपसांतील व्यवहारापुरते ते आमच्या सुशिक्षित घरांच्या पुढे होते. पियरे व मारी क्यूरी यांचा विवाह १८९५ च्या जुलैत झाला. आहेराच्या पैशांतून त्यांनी दोन सायकली घेतल्या आणि त्यांवरून ते मधुचंद्रास गेले. त्यांनी दोन घेतल्या, जोडसायकल नव्हे, याकडे यंत्रवाद्यांनी लक्ष द्यावे.

वर्कमन दांपत्याच्या पाळीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. कारण वेगाचा वाद हा वरवरचा आहे. त्याच्या मुळाशी ‘ठरवितो कोण?’ हा प्रश्न आहे. किती वाजता निघावयाचे, कोणत्या रस्त्याने, कोठे थांबावयाचे, केव्हा परतावयाचे, हे सर्व ज्याचे पाय जलद तो ठरवितो, आणि मग जिला ते जड जाते तिला मागे पडल्याचा दोष लागतो. जोडप्यास एक धरले की आतले दोघे दिसेनासे होतात. ही सवय आमच्या जिल्ह्यात एका फार कठोर रूपात पाहावयास मिळते. दिवाळीच्या सुमारास येथून लाखो माणसे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. तेथे नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. एकट्या माणसास अर्धा. उचल कोयत्यावर मिळते, मजुरी टनावर. ऊस बहुधा तो तोडतो; पाचट काढणे, मोळी बांधणे, डोक्यावरून गाडीपर्यंत नेणे हे बहुधा तिच्याकडे; पहाटेची चूल व रात्रीच्या भाकरी हे तर हिशेबातच नाही. मुकादमाच्या वहीत मात्र दोघे मिळून एक. पोटासाठी पाठ मोडणाऱ्यांशी हौसेने पाय मारणाऱ्यांची तुलना करणे अशिष्ट होईल, आणि ती आम्ही करीत नाही. परंतु हिशेब लिहिण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. “आज आम्ही चाळीस किलोमीटर केले,” असे मोठ्या अभिमानाने सांगणाऱ्या नवऱ्याच्या तोंडच्या त्या ‘आम्ही’तही कोणाच्या वाट्यास किती विसावा आला हे लिहिलेले नसते.

विसावा हा शब्द आम्ही वारीतून घेतला. आपल्या लोकांस एकत्र चालण्याची कला कोणी परदेशातून येऊन शिकवावी अशी स्थिती नाही. मांजरसुंब्याजवळच कपिलधार आहे; तेथे मन्मथस्वामींच्या समाधीस कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते आणि दूरदूरहून पायी दिंड्या येतात. दिंडीत सत्तरीची म्हातारी असते आणि विशीतला पोरगाही असतो. त्यांचा वेग एक कसा असेल? परंतु विसावे ठरलेले असतात, मुक्काम ठरलेला असतो. पोरगा पुढे गेला तरी विसाव्यावर बसतो, म्हातारी मागून येते, आणि ती टेकून, पाणी पिऊन, पाय चोळून होईपर्यंत पालखी उठत नाही. पुढे पोहोचलेल्याने मागच्यास ‘तुझ्यासाठी थांबलो’ असे सुनावल्याचे आम्ही कधी ऐकले नाही.

हीच रीत सायकलीस लावण्यात अडचण ती कोणती? विसावे आधी ठरवावे, सात-आठ किलोमीटरांच्या अंतराने. तेथून निघण्याची वेळ शेवटी पोहोचलेल्याने सांगावी, आधी पोहोचलेल्याने नव्हे. आणि ज्याचे पाय सावकाश त्याने आधी निघावे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न व वॉर्नंबूल यांच्या दरम्यानची सायकलींची शर्यत १८९५ साली सुरू झाली, आणि सुमारे शतकभर तिच्यात मंद स्वार आधी सोडण्याची व सर्वांत तेज स्वार शेवटी सोडण्याची चाल होती. जेथे केवळ जिंकण्यासाठीच माणसे जमतात तेथेही हा न्याय चालतो, तर जेथे जिंकावयाचे काहीच नाही तेथे तो का चालू नये? बीडहून पत्नी साडेपाचास निघाली व पती पाच पन्नासास, तर ते दोघे घाटमाथ्यावर पाच-सात मिनिटांच्या आतबाहेर भेटतात आणि चहा एकदम सांगता येतो. निघण्यापूर्वीची ती वीस मिनिटे पतीने मुलांचे दूध तापविण्यात, डबे भरण्यात घालवावी. एरवी पत्नीस निघावयास उशीर का होतो, याचाही त्यास उलगडा होईल.

यावर एका स्नेह्यांनी आम्हांस मोठ्या गांभीर्याने विचारले की, ती आधी निघणार, तुम्ही मागून जाणार, वाटेत कोठे गाठ पडली तर पडणार; मग बरोबर जाण्यात बरोबर काय राहिले? हे स्नेही सायंकाळी पत्नीसह एकाच मोटारीतून बाहेर जातात आणि जाताना दोघे आपापल्या फोनमध्ये पाहत असतात. त्यांची बरोबरी, म्हणजे मूळ फारसी अर्थाची खांद्यास खांदा लावण्याची, निर्दोष आहे. आमची तशी नाही. आम्हांस एकमेकांची पाठदेखील वाटेत क्वचितच दिसते. पण पालीच्या विसाव्यावर जे बोलणे होते ते घरी होत नाही. कारण मधल्या सात-आठ किलोमीटरांत दोघांनीही काही वेगळे पाहिलेले असते आणि ते सांगावयाचे असते.

आमच्या घरी सध्या एक महिना तिचा व एक आमचा अशी पाळी आहे. ज्याचा महिना त्याने वाट, वेळ व विसावे ठरवावयाचे. तिच्या पहिल्या महिन्यात आम्ही घाट पाहिला नाही. ती महामार्ग सोडून आत वळली, आणि खजाना विहिरीच्या काठी पाऊण तास बसून राहिली. सोळाव्या शतकातली, अहमदनगरच्या निजामशाहीतली ही विहीर. तिचे पाणी जमिनीखालच्या पाटाने पुढे शेतांस जाते. शाळेच्या सहलीनंतर आम्ही ती पाहिली नव्हती, जरी गेली चार वर्षे दर रविवारी तिच्या जवळून ताशी बावीसच्या वेगाने जात होतो. पंप आता दोन आहेत. दुसरा तिने स्वतः जाऊन आणला, आणि दुकानदाराने “साहेबांस दाखवून घ्या” असे म्हटल्यावरही आणला.

वाद संपले आहेत असे मात्र नाही. येता महिना आमचा. तेव्हा घाट आमच्या मनात आहे. ती म्हणते, उसाचा हंगाम सुरू झाला, ट्रॅक्टर बंद होईपर्यंत घाटाचे नाव काढू नका. आमचे म्हणणे, पहाटे चारास निघावे, म्हणजे रस्ता मोकळा सापडेल. त्यावर ती विचारते की, चारास निघणाऱ्याचा चहा तीनास उठून कोण करणार. प्रकरण तेथवर आले आहे.